अर्थ बाजूला ठेवला की

सकाळी डोळे उघडल्यापासून आपण शब्दांकडे अर्थाची वसुली करत असतो. बातमीचा अर्थ काय, साहेबांच्या निरोपाचा अर्थ काय, कोणी नुसतं ‘बघू’ म्हणालं तर त्याचा अर्थ काय. ज्या शब्दातून काही हाती लागत नाही, तो आपल्या लेखी वाया गेलेला. आपल्या रागसंगीताने मात्र अशाच शब्दांना मैफलीत मानाची जागा दिली आहे. ती जागा तराण्याची.

चंडीगडला सेक्टर ३५मध्ये प्राचीन कला केंद्राची मासिक बैठक भरते. अशा बैठकीत मोठा ख्याल होतो, छोटा ख्याल होतो, बंदिशीतली विरहिणी, तिचा पिया, तिचा पाऊस सगळं श्रोत्यांपर्यंत पोचतं. मग गायक तराणा काढतो. ‘तन देरे ना’, ‘तदानी’, ‘दीम तोम’. पिया नाही, पाऊस नाही, कुणाची तक्रार नाही. तरीही पहिल्या दोन आवर्तनांतच माना डोलू लागतात आणि मांड्यांवर ताल धरला जातो.

असं का होतं, हे त्या बोलांकडे जवळून पाहिलं की कळतं. त, द, न, र, ल ही सगळी अक्षरं जिभेच्या शेंड्याने उच्चारायची. शेंडा वर जरा टेकतो न टेकतो तोच सुटतो, म्हणून लय कितीही चढली तरी श्वास अडत नाही. ‘दिर दिर’ म्हणताना सतारीच्या तारेवर नखीचे झटपट आघात पडावेत तसा नाद उमटतो. सतारीच्या बोलांत ‘दिर’ आहेच. आणि ‘तोम’, ‘दीम’ म्हणताना ओठ मिटतात, आवाज आत घुमत राहतो, धावत्या लयीला क्षणभर विसावा मिळतो. वरवर पाहता कसेही फेकलेले हे बोल किती पारखून घेतलेले आहेत!

परंपरा तराण्याचं श्रेय अमीर खुस्रोंना देते. उस्ताद अमीर खाँसाहेबांचं तर म्हणणं होतं की हे बोल मुळात अर्थवाहीच आहेत, फारसीतून आलेले. त्यांच्या तराण्यांत फारसी ओळीही येत. त्यांच्या व्यासंगापुढे आदराने मान लववावी. पण आज चंडीगडच्या बैठकीत बसलेल्या माणसाला फारसी येत नाही, पुण्यातल्यालाही येत नाही. तराणा त्याला भिडतो तो नादातून आणि लयीतूनच.

मराठी माणसाचं पंजाबशी संगीताच्या बाबतीत जुनं देणंघेणं आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली गांधर्व महाविद्यालय काढलं ते लाहोरला. त्यांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धन लाहोरला शिकले आणि पुढे तराण्यासाठी नावाजले गेले. टप्पा हा पंजाबी शब्दांचा गानप्रकार ग्वाल्हेरच्या गायकीत रुजला आणि मालिनीताई राजूरकरांच्या गळ्यातून आपण तो जीव ओवाळून टाकून ऐकला. फाळणीत लाहोर गेलं, पंजाबने चंडीगड ही नवी राजधानी वसवली. त्या शहरात मराठी गायक टप्पा गाऊ लागला तर शब्द श्रोत्यांचे असतात, त्याला ते शिकावे लागलेले असतात. तराणा सुरू झाला की हा फरकच मिटतो. तिथे कोणी घरचा नाही आणि कोणी परका नाही.

याच पंजाबच्या गिद्धा आणि भांगडा या नाचांत ‘बोली’ नावाच्या ओळी म्हणतात. त्यातला एक साचा सगळ्यांच्या ओठांवर असतो: कोणी बारा वर्षं कमवायला गेला आणि येताना काहीतरी घेऊन आला. काय आणलं, ते पुढच्या ओळीच्या यमकावर ठरतं. आणलेल्या वस्तूचा पुढच्या मजकुराशी काडीचा संबंध नसतो, आणि तो कोणी विचारतही नाही. पण यमक चुकलं, तर अख्खा घोळका त्याला तिथेच पकडतो.

अर्थापेक्षा नादाला मान देण्याचा असाच खेळ दूर लंडनमध्ये १९२२ साली घडला. एडिथ सिटवेल या कवयित्रीने वॉल्ट्झ, पोल्का अशा नाचांच्या ठेक्यांवर शब्दांचे खेळ रचले होते. एकोणीस वर्षांच्या विल्यम वॉल्टनने त्यांना मोजक्या वाद्यांचं संगीत दिलं, आणि एका घराच्या दिवाणखान्यात, रंगवलेल्या पडद्याआडून कर्ण्यातून त्या कविता म्हटल्या गेल्या. ‘फसाड’ हे त्या रचनेचं नाव. कवयित्रीचा चेहराही लोकांना दिसू नये, ठेका आणि नाद तेवढे ऐकू यावेत, अशी ती योजना होती. आपल्याकडे रवींद्रनाथांनी १९३७ साली, पंचाहत्तरी ओलांडल्यावर, ‘खापछाडा’ हा असंबद्ध, खेळकर कवितांचा संग्रह काढला.

हे सगळं पाहताना एक गोष्ट मनात पक्की होते. अर्थ असला की तो आपल्याला सांभाळून घेतो. शब्द हृदयाला हात घालणारा असला तर स्वर जरा उतरला तरी श्रोता तो पोटात घालतो; भावना खरी असली तर यमक लंगडलं तरी चालतं. अर्थ बाजूला ठेवला की हा आधार जातो. मग सूर सच्चाच हवा, अक्षर स्वच्छच हवं, आणि तालाचा फेरा पुरा करून बोल बरोबर समेवरच यायला हवा. म्हणून निरर्थक बोल गायला जास्त शिस्त लागते.

आपल्या दिवसातही अशी बरीच कामं असतात, ज्यांचा मोठासा अर्थ सांगता येत नाही. अंगण झाडणं, वहीत नीट अक्षर काढणं, पहाटे तंबोरा जुळवून तोच तो पलटा घोटणं. त्यातून काय मिळालं, असं कोणी विचारलं तर उत्तर नसतं. उदात्त हेतूची कामं हेतूच्या जोरावर निभावून जातात. या कामांना मात्र आपल्या निगुतीखेरीज कुणाचा आधार नसतो. तेव्हा ‘याचा उपयोग काय’ हा प्रश्न आज जरा मागे ठेवू या, आणि समोर आलेलं साधंसुधं काम चोख करू या. ज्याला निरर्थक बोलही सच्च्या सुरात म्हणता येतात, त्याच्या तोंडी अर्थाचे शब्द आले तर तेही खोटे पडत नाहीत.