अध्यक्षांविना दर्शन

श्रीपूरजवळच्या बोरगावात आषाढी वारीत तुकोबांची पालखी मुक्कामाला येते. घामेजलेला वारकरी पादुकांवर क्षणभर डोकं टेकवतो. तुकोबा देहाने समोर नसतात, तरी भेट झाली म्हणतो, आणि ती झालेलीच असते.

डिसेंबर २०२१मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनात विज्ञानकथेच्या चाहत्यांपुढे असाच प्रश्न उभा राहिला: समोर नसलेल्याची भेट होते का? अध्यक्ष विज्ञानकथाकार जयंत नारळीकर, आणि प्रकृतीमुळे तेच गैरहजर! मग वाचक तिथे भेटला कुणाला?

उत्तर १९७४मध्ये सापडतं. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवताना नारळीकरांनी स्वतःची आद्याक्षरं उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतलं. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहवून घेतली. परीक्षकांपुढे उरली फक्त कथा. पहिलं बक्षीस तिलाच मिळालं.