‘टॉर्च बंद कर’ म्हणण्याचा हक्क

पौष पौर्णिमेच्या रात्री राजमाचीहून कोंढाणे लेण्यांच्या वाटेने उतरताना आमच्या गटातल्या एका नव्या मुलीने मोबाईलचा टॉर्च लावला. पुढच्या दोघांनी ओरडून तिला तो बंद करायला लावला. घडलं ते एवढंच. दवाखान्यात न्यावं असं कुणाला लागलं नाही, कर्जतहून परतीची लोकलही मिळाली. पण माझा भाऊ आणि आमची मावशी यांच्यात त्यावरून जी जुंपली ती अजून मिटलेली नाही. दादा बरीच वर्षं वरळीतल्या मुलामुलींना सह्याद्रीत नेतो. मावशी महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाली, आणि अजूनही आमच्याबरोबर डोंगर चढते. वरळी सी-फेसच्या कठड्यावर बसून झालेल्या त्या बोलण्यातलं मला महत्त्वाचं वाटलं ते इथे उतरवते आहे.

दादा : टॉर्च बंद करायला सांगितला ते बरोबरच केलं. स्वच्छ आकाशातल्या पौर्णिमेचा उजेड पाव लक्सच्या आसपास असतो. वाचायला आपण याच्या हजारपटीहून जास्त उजेड घेतो. तरी त्या चांदण्यात डोंगर उतरता येतो, कारण डोळा अंधाराला सरावतो. त्याला वीस मिनिटं, कधी अर्धा तास लागतो. पांढरा झोत एकदा डोळ्यावर आला की सगळं पाण्यात. एकीने टॉर्च लावला की दहा जणांना दिसेनासं होतं.

मावशी : हे मीच तुला आठवीत शिकवलंय. अंधारात दंडाकार पेशी काम करतात, आणि दृष्टिपटलाच्या अगदी मधोमध त्या नसतात. म्हणून चांदण्यात दगडाकडे रोखून पाहिलं की तो नाहीसा होतो, किंचित बाजूला पाहिलं की दिसतो. पण पुढचंही शिकवलं होतं. वय वाढलं की बाहुली अंधारात पूर्वीइतकी मोठी होत नाही, डोळा सरावायला जास्त वेळ घेतो. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो. एकाच चांदण्यात दहा जणांना दहा तऱ्हेचं दिसतं. सगळ्यांना चांदणं पुरलं म्हणतोस, विचारलंस कुणाला?

दादा : तिला दिसत होतं गं. ती घाबरली होती.

मावशी : घाबरलेल्या माणसाला काय दिसतं, हे न घाबरलेल्याने ठरवायचं?

इथे वाटेबद्दल सांगायला हवं. आम्ही साडेसातच्या सुमाराला उधेवाडी सोडली तेव्हा गावात लख्ख चांदणं होतं. अंगणातली भांडीसुद्धा वेगवेगळी ओळखू येत होती. पण कोंढाण्याकडची उतरण पश्चिमेला तोंड करून आहे. पूर्वेला उगवलेला चंद्र पुरता वर येईपर्यंत ती डोंगराच्याच सावलीत राहते, आणि खाली दाट रान लागतं. टॉर्च विझला तो नेमका अशा घसाऱ्यावर. मी तिच्या मागेच होते. ती खाली बसली. दोन्ही तळवे मागे टेकवले, एक पाय पुढे टाकून दगड हलतो का ते टाचेने चाचपलं, मग दुसरा पाय. असा तो सगळा घसारा ती बसून उतरली. लेण्यांपाशी पोचल्यावर तळव्यात रुतलेला मुरूम तिने एकेक खडा करून काढला, हात ओढणीला पुसले. तिथून कर्जतपर्यंत ती कुणाशी बोलली नाही.

दादा : मला ते दिसलं नाही, मी पुढे होतो. पण दुसऱ्या बाजूचंही काही आहे की नाही? आपल्याला उशीर झाला नव्हता, आपण मुद्दाम थांबलो होतो. चार वाजता खाली येता आलं असतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला असतो, म्हणून त्याच्या समोरचा पौर्णिमेचा चंद्र उत्तरेकडून, आपल्याकडे जवळजवळ डोक्यावरून जातो. ज्येष्ठातला चंद्र दक्षिणेला कलून जातो आणि त्याला ढग गिळतात. अशा रात्री वर्षाला दोन-तीनच. आपल्यातल्या एका पोराने स्वतःची सावली बघून मला विचारलं, हा उजेड कुठून येतोय? वरळीत जन्मलेला मुलगा, मावशी! मागे इमारतींचे दिवे, समोर कोस्टल रोडचे. चंद्राने पडलेली स्वतःची सावली त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. ती एका झोताने पुसली गेली. दहा जणांचं जे गेलं त्याला काही किंमतच नाही?

मावशी : आहे. मोठी आहे. ती नाही असं मी म्हणणार नाही.

(मावशीने हे फार मनापासून म्हटलं. चांदण्याचं वेड आम्हाला तिनेच लावलं. नेहरू तारांगण १९७७ साली सुरू झालं तेव्हापासून वर्गच्या वर्ग घेऊन ती तिथे जायची.)

दादा : मग? तानाजी सिंहगड चढला तो माघ वद्य नवमीला, १६७० साली. नवमीचा चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो. त्या अंधारात मावळे कडा चढले. कथेतली हिरकणी कोजागिरीच्या रात्री रायगडचा कडा उतरली. अंधारात चालायची ताकद या मातीतल्या माणसांत आहे. जरा भीती वाटली की उजेड दिला, तर ती यायची कुठून?

मावशी : हिरकणीला कुणी नेलं नव्हतं रे. दरवाजे बंद झाले, तान्हं खाली होतं, ती आपल्या जबाबदारीवर उतरली. मावळे निवडलेले होते आणि अंधार त्यांचं हत्यार होतं. ही मुलगी तुझ्या भरवशावर आली. स्वतः पत्करलेला अंधार आणि दुसऱ्याने आपल्यावर घातलेला अंधार यांना एका तागडीत घालू नकोस. आणि भीती ओरडून जात नाही.

दादा : बरं, एकीच्या भीतीसाठी दहा जणांनी सोडून द्यायचं, हा न्याय कुठला?

मावशी : बीडीडी चाळीत आमच्या मजल्यावर हेच भांडण होतं. मधला लांब बोळ, दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या, आणि संडास सामाईक. उन्हाळ्यात लोक दारं उघडी टाकून झोपायचे, बोळातला दिवा डोळ्यावर यायचा. दिवा बंद करा म्हणणारे खूप होते. रात्री उठून जाणाऱ्या म्हाताऱ्या दोन-तीन. मत घेतलं असतं तर दिवा विझलाच असता. मत घेतलं नाही. दिवा चालू राहिला, झोपणाऱ्यांनी दाराला पडदे लावले.

दादा : दाराला पडदा लावता येतो. डोंगराला नाही लावता येत. झोपणाऱ्यांची सोय झाली, आमची कशी होणार?

या उत्तरावर मावशी बराच वेळ गप्प राहिली. मलाही दादाचं म्हणणं बिनतोड वाटलं. चाळीच्या बोळात दोघांची गरज भागवता आली, उतरणीवर कुणाचं तरी जाणारच. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीत बीडीडी चाळकऱ्यांना नव्या घरांच्या पहिल्या चाव्या मिळाल्या तेव्हा लोक १६० चौरस फुटांतून ५००मध्ये गेले आणि संडास घरात आला. तो वाद जागेने सोडवला. डोंगरात पायवाट एकच असते आणि रात्रही एकच.

दादा : लाल उजेडाचा टॉर्च ठेवू. दंडाकार पेशींना लाल रंग जवळपास जाणवत नाही.

मावशी : जरूर ठेव. मंद असेल तर उपयोग होईल. पण लाल उजेडात घसाऱ्यावरचा खळगा नीट कळला नाही आणि तिने पांढरा मागितला, तर प्रश्न पुन्हा तिथेच.

दादा : मग टॉर्चवाल्यांना रांगेच्या शेवटी ठेवू.

मावशी : मागून झोत आला की पुढच्याच्या पायाखाली त्याचीच सावली पडते. म्हणजे अंतर ठेवायला हवं. घाबरलेल्या माणसाला अंधारात सगळ्यांपासून लांब, शेवटी चालवायचं? तू तरी चालवशील?

दादा : नाही.

मावशी : मला विचारशील तर चूक घसाऱ्यावर झालेली नाही, वर उधेवाडीत झाली. खाली तिला मागे फिरता येत नव्हतं, थांबता येत नव्हतं. तिथे ती ‘चालेल’ म्हणाली असती तरी त्या शब्दाला काय अर्थ? वर उजेड होता. गावात घरी जेवण मिळतं, मुक्काम करता येतो, सकाळी उतरता येतं. विचारायची जागा ती.

दादा : दहा जणांसमोर विचारलं असतं तरी ती हो म्हणाली असती.

मावशी : म्हणून एकेकाला बाजूला घेऊन विचारायचं. आणि तिथे हो म्हटलेल्याचं उतरणीवर अवसान गेलं, तर त्याने टॉर्च लावायचा. त्याला कुणाची परवानगी लागणार नाही. अवघड जागा संपली की टॉर्च विझवायचा आणि सगळ्यांनी मिळून बसायचं, डोळे परत सरावेपर्यंत. तिला उजेड मिळाला, तुम्हाला चांदणं परत मिळालं. गेली ती वीस मिनिटं, आणि ती सगळ्यांची गेली.

दादा : लोकल चुकेल.

मावशी : मग ती वीस मिनिटं आधीच हिशेबात धरून नीघ.

माझं मत मावशीच्या बाजूने आहे, पण दादाचं दुःख मला खोटं वाटत नाही. झोत पडला तेव्हा मलाही चुटपुट लागली होती. समोरचं रान क्षणात काळं झालं आणि उरला फक्त पायाखालचा पांढरा गोल. ते नुकसान खरंच आहे, फक्त ते भरून निघतं. त्या मुलीचं भरून निघालेलं नाही. दादाने तिला दोनदा फोन केला. पुढच्या वेळी येशील का विचारल्यावर ती ‘बघू’ म्हणाली.

माघ पौर्णिमेसाठी दादाने लोणावळ्याकडची रुंद गाडीवाट धरायचं ठरवलं आहे, आणि प्रत्येकाने स्वतःचा टॉर्च आणायचा आहे. तुम्ही कुणाला रात्री डोंगरात नेत असाल तर एवढं करा. दिवस मावळायच्या आत, मुक्कामाची सोय जिथे आहे तिथेच, एकेकाला बाजूला घेऊन विचारा. आणि खाली उतरताना कुणी टॉर्च लावला तर बाकीच्यांना आधीच सांगून ठेवा, की कुणीही ओरडायचं नाही.