पाच लिटरमधला खर्ज

आकाराने लहान, कमी वॅटवर मोठा वाजणारा आणि एकाच कोनमधून खर्जापासून तारसप्तकापर्यंत सगळे देणारा स्पीकर, ही ध्वनियंत्रांच्या बाजारातली जुनी जाहिरात आहे. तिच्यातला एकेक गुण सुटा घेतला तर खरा असतो. लहान स्पीकर असतात, मोठा वाजणारेही असतात आणि खोल खर्ज देणारेही असतात. तिन्ही गुण एका खोक्यात मात्र नांदत नाहीत.

केएलएच या अमेरिकन स्पीकर कंपनीच्या नावातला 'एच' म्हणजे अँटन हॉफमन, विख्यात पियानोवादक योसेफ हॉफमन यांचे चिरंजीव. खोक्याचा आकार, कार्यक्षमता आणि खर्जाची खोली यांतले दोनच गुण एका वेळी मनासारखे मिळतात आणि त्यांची किंमत तिसऱ्याला मोजावी लागते, असे त्यांनी मांडले. 'हॉफमनचा लोखंडी नियम' म्हणून तो ओळखला जातो. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी 1970 नंतरच्या काही वर्षांत त्याला नेमके गणित दिले. कार्यक्षमतेची कमाल मर्यादा खोक्याच्या घनफळाच्या आणि खालच्या कंप्रतेच्या घनाच्या प्रमाणात असते. खरी मेख या घनात आहे. खर्ज एक सप्तक खाली न्यायचा तर त्याच कार्यक्षमतेसाठी खोका आठपट मोठा लागतो.

हे गणित आचोळ्यातल्या एखाद्या घरात मांडून पाहता येते. दहा बाय बाराची खोली आणि कोपऱ्यात वीस लिटरचा पाण्याचा जार, हे नालासोपारा पूर्वेकडचे नेहमीचे दृश्य. त्या जारएवढ्या, हवेसाठी भोक ठेवलेल्या खोक्यातून 40 हर्ट्झपर्यंतचा खर्ज हवा असेल, तर कार्यक्षमता फार तर अर्धा टक्का मिळते. म्हणजे एका वॅटला एक मीटरवर सुमारे 89 डेसिबल. 'हाय एफिशिअन्सी' म्हणवणाऱ्या स्पीकरवर 96 डेसिबलचा आकडा दिसतो. तो आणि 40 हर्ट्झ दोन्ही खरे असतील, तर खोका निदान पाच जारांएवढा, म्हणजे शंभर लिटरचा हवा. उलट खोका पाच लिटरचा आणि 96 डेसिबल खरे, असे धरले तर खर्ज 110 हर्ट्झच्या आसपासच संपतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा षड्ज सुमारे 139 हर्ट्झचा आणि त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे 69 हर्ट्झची. म्हणजे 'फुल रेंज' लिहिलेल्या त्या स्पीकरमध्ये तंबोऱ्याची चौथी तार मुळापासून वाजतच नाही.

तरीही ती ऐकू येते, आणि असे दावे टिकून राहतात ते बरेचसे यामुळेच. मूळ स्वर गैरहजर असला तरी त्याच्या वरच्या स्वरांशांवरून कान तो भरून काढतो. तंबोऱ्याची जवारी तर स्वरांशांना उठाव देण्यासाठीच असते. तबला आणि मृदंग यांच्यावरच्या शाईमुळे त्यांचे स्वरांश सुसंवादी होतात, हे सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्येच दाखवले होते. आपल्या बैठकीच्या संगीताची घडणच अशी आहे की लहान स्पीकरचे उणेपण त्यात झाकले जाते. दुकानात अभंग किंवा नाट्यपद लावून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला स्पीकर 'भरलेला' वाटतो, तेव्हा ते गिऱ्हाईक खोटे बोलत नसते. पण त्याच स्पीकरवर ढोल-ताशा लावला की ताशा कडकडतो आणि ढोल पुठ्ठ्याचा वाटू लागतो.

एकाच कोनची दुसरी अडचण वरच्या टोकाला आहे. आठ इंची कोन साधारण 2000 हर्ट्झच्या पुढे आवाज टॉर्चच्या झोतासारखा समोर फेकू लागतो. समोर बसलेल्याला झांजा लखलखीत ऐकू येतात आणि बाजूच्या पलंगावरच्या माणसाला त्या ब्लँकेटखालून आल्यासारख्या वाटतात. कोन लहान केला तर झोत पसरतो, पण खर्जासाठी लागणारी हवा हलत नाही. तेवढ्याच आवाजात खर्ज एक सप्तक खाली न्यायला कोनला चौपट मागेपुढे व्हावे लागते, आणि तेवढी जागा लहान कोनमध्ये नसते.

ही तूट भरून काढायचा देशी उपाय म्हणजे माठ. सुटा स्पीकर मातीच्या मडक्यात बसवण्याची युक्ती टेपरेकॉर्डरच्या दिवसांपासून रिक्षांत आणि दुकानांत दिसत आली आहे. मडक्यातली हवा एका ठरावीक स्वराला जोरात घुमते. घुमते ते तेवढ्याच स्वराला; मग गाणे कोणतेही असो, प्रत्येक ठोक्याला तोच धम्म. मडके निदान डोळ्यांसमोर असते. आजचा ब्लूटूथ स्पीकर हेच काम आतल्या चिपकडून करून घेतो. आवाज कमी असताना ती खर्ज वाढवते आणि आवाज चढवला की कोन फाटू नये म्हणून तो गुपचूप काढून घेते. आवाज हळूहळू चढवत नेला की खर्ज पातळ होत जाताना कोणालाही ऐकू येतो. दुकानात करण्याजोगी याहून सोपी परीक्षा नाही.

खोक्यावरच्या आकड्यांबद्दल फार बोलण्यासारखे नाही. '20 ते 20,000 हर्ट्झ' यापुढे किती डेसिबलच्या फरकात, हे लिहिलेले नसेल तर तो आकडा वाचला नाही तरी चालतो. वॅटच्या पीएमपीओ या मापाला सर्वमान्य प्रमाणच नाही. 12 व्होल्ट, 2 अँपिअरच्या अडॅप्टरमधून 24 वॅट येतात. त्यावर अखंड चालणाऱ्या यंत्राला खोक्यावरच्या हजारो वॅटची भर कुठून पडणार, हे छापणाऱ्यालाच ठाऊक.

मोठ्या कार्यक्षमतेची गरज जिथून आली तो काळ व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरचा. आठ-दहा वॅटवर दिवाणखाना भरायचा असे तेव्हा. पॉल क्लिप्श यांचा 1946 चा 'क्लिप्शहॉर्न' एका वॅटला 100 डेसिबलच्या वर जातो, पण तो कपाटाएवढा आहे आणि खर्जासाठी खोलीच्या कोपऱ्यातल्या भिंतीच कर्ण्यासारख्या वापरतो. आज वॅट स्वस्त झाले आहेत. त्यामुळे तीन गुणांपैकी सोडून द्यायचा तर कार्यक्षमतेचाच गुण सोडावा, हे शहाणपणाचे. लहान खोली त्यात हातभारही लावते. बारा फुटी खोलीत साधारण 47 हर्ट्झच्या खाली बंद भिंती खर्जाला आधार देतात. मांडवात किंवा मैदानावर तो मिळत नाही.

एका वॅटला 86 डेसिबल देणारा, तसे प्रामाणिकपणे छापणारा स्पीकर आणि 30 वॅटचा अँप्लिफायर अशा खोलीत अडीच मीटरवर 90 डेसिबलच्या पुढे सहज जातो. निवासी भागासाठी 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी ठरवलेली मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे.