राजीखुशीचे डॉक्टर

एचआयव्हीचा विषय निघाला की डॉक्टरांमध्ये एक युक्तिवाद हमखास डोके वर काढतो. ज्यांच्या मनाची तयारी आहे त्यांनीच हे रुग्ण पाहावेत, बाकीच्यांवर सक्ती कशाला? घाबरलेल्या हातांनी केलेली शस्त्रक्रिया रुग्णालाच महागात पडेल, अशी पुस्तीही वर जोडली जाते. ऐकायला मोठे उदार वाटते. हेच एखाद्याने मधुमेहींबद्दल म्हटले असते, तर दवाखान्याला टाळे लागायला वेळ लागला नसता.

भीतीचा हिशेब आधी पाहू. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली, तर लागण होण्याची शक्यता सुमारे 0.3 टक्के, म्हणजे हजारात तीन. लस न घेतलेल्याला हेपॅटायटिस-बीच्या सुईपासून असलेला धोका 30 टक्क्यांपर्यंत जातो. तरी काविळीच्या रुग्णांसाठी ‘तयार मनाचे’ सर्जन नेमा, असे कोणी म्हणत नाही. सुई टोचलीच, तर शक्य तितक्या लवकर आणि फार तर 72 तासांच्या आत औषधे सुरू करून ती 28 दिवस घ्यायची असतात. खरे तर चिंता वाटायला हवी ती ज्याला स्वतःलाच लागण झाल्याचे ठाऊक नाही अशा रुग्णाची. नियमित गोळ्या घेऊन रक्तातला विषाणू दबलेला आणि तसे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगणारा रुग्ण त्या मानाने कितीतरी कमी धोक्याचा. आणि नेमके त्यालाच परत पाठवतात.

एवढ्याने मात्र राजीखुशीवाल्यांचा मुद्दा निकालात निघत नाही. इतिहास चक्क त्यांच्या बाजूने साक्ष देतो.

जुलै 1983. सॅन फ्रान्सिस्को जनरल हॉस्पिटल. एड्सच्या रुग्णांच्या जेवणाची ताटे खोलीच्या दाराबाहेरच ठेवून कर्मचारी पळ काढत, असा तो काळ. विषाणूचे आजचे नाव ठरायला अजून तीन वर्षे होती आणि पहिले औषध 1987पर्यंत येणार नव्हते. क्लिफ मॉरिसन या परिचारकाने तिथे 12 खाटांचा ‘वॉर्ड 5बी’ उभा केला आणि अट घातली की, इथे स्वतःहून येईल तीच नर्स. नर्स आल्या. गरज नसेल तिथे त्यांनी हातमोजे काढून ठेवले, रुग्णांचे हात हातात घेतले. भेटायला कोणी यायचे, आपले माणूस कोणाला म्हणायचे, हे रुग्णाने ठरवायचे. शांती प्रोजेक्ट या स्वयंसेवी संस्थेचे समुपदेशक वॉर्डातच काम करत. सक्तीच्या बदल्या करून असा वॉर्ड उभा राहिला नसता, हे मान्यच करायला हवे.

पण मॉरिसनचा दाखला देणारे एक गोष्ट सोयीस्कर विसरतात. 5बीच्या नर्स रुग्णालयाच्या नेहमीच्या नोकरीतल्या होत्या आणि त्यांच्या वागण्यातून इतरांची भीती मोडत होती. आपल्याकडे घडले ते उलटेच. 1 एप्रिल 2004पासून सरकारने केंद्रांमधून एचआयव्हीवरचे मोफत औषधोपचार, म्हणजे एआरटी, सुरू केले. त्या केंद्रांनी असंख्य माणसे जगवली, आणि बाकीच्या वैद्यकविश्वाला रुग्ण पाठवून द्यायला एक पत्ता मिळाला. हर्नियाचा रुग्ण दाखल होतो, संध्याकाळी रक्ताचा रिपोर्ट येतो, सकाळच्या यादीत पहिला असलेला माणूस शेवटी जातो. मग भूलतज्ज्ञ उपलब्ध नसतात. मग ‘स्पेशल किट’चे पैसे सांगितले जातात. अखेर हातात चिठ्ठी: सरकारी रुग्णालयाच्या एआरटी केंद्रात दाखवा. एआरटी केंद्रात हर्निया शिवत नाहीत, हे चिठ्ठी लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

आणि जे खरोखर राजीखुशीने आले, त्यांचे काय? चाचणी केंद्रातला समुपदेशक बंद दारामागे कोणाला तरी आयुष्यातली सर्वांत वाईट बातमी सांगतो, नवऱ्याला कसे सांगायचे ते बाईला समजावतो, गोळ्या चुकवणाऱ्याच्या मागे लागतो. सरकारच्या एचआयव्ही कार्यक्रमातली अशी बहुतेक माणसे वर्षानुवर्षे कंत्राटावर आहेत. भरतीचा खरा प्रश्न इथे आहे. मनाच्या तयारीचा नव्हे. दक्षिण आफ्रिकेतल्या लुसिकिसिकी या ग्रामीण भागात 2003नंतर डॉक्टर मिळेनात, तेव्हा ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ने गावातल्या दवाखान्यांमधल्या नर्सच्या हाती एआरटी सोपवली आणि ते काम चालले. तिथेही निष्ठेची परीक्षा घेत बसले नाहीत. प्रशिक्षण दिले, अधिकार दिले.

सक्तीचे म्हणाल, तर आपल्याकडे 10 सप्टेंबर 2018पासून लागू झालेल्या कायद्याने एचआयव्हीमुळे उपचार नाकारण्याला मनाई केली आहे. त्याच कायद्याने कर्मचाऱ्यांना सुरक्षिततेची साधने, प्रशिक्षण आणि सुई टोचल्यानंतरची औषधे पुरवण्याची जबाबदारी संस्थेवर टाकली आहे. म्हणजे घाबरणाऱ्या डॉक्टरने भांडायचे ते व्यवस्थापनाशी, रुग्णाशी नाही. 20 किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आरोग्यसंस्थेत या कायद्याखाली तक्रार अधिकारी नेमणेही बंधनकारक आहे. वाचकांनी पुढच्या वेळी रुग्णालयाच्या काउंटरवर उभे असताना त्या अधिकाऱ्याचे नाव जरूर विचारावे.