माळकऱ्याचा हात आणि मांजराचे ताट

सज्जनहो, भूतदया हा शब्द आपल्या कीर्तनांतून इतक्या वेळा येतो की तो कानाला गुळगुळीत झाला आहे. गाईला चारा घालावा, मुंग्यांच्या वारुळाशी साखर टाकावी, पाखरांना दाणे घालावेत, यात कोणाचे काही अडत नाही. हात स्वच्छ राहतो आणि पुण्यही पदरी पडते. दयेची खरी परीक्षा निराळ्या जागी असते. ज्याचे अन्न आपल्याला चालत नाही असा भुकेला जीव दाराशी आला म्हणजे काय करावे? हा जीव मांजराचा.

भाईंदर पश्चिमेकडून उत्तनला जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धा, राई, मोरवा ही गावे लागतात. आसपास खाडी आणि मिठागरे, आणि स्टेशनाकडून शहर चालून येत आहे. २००२ साली मीरा-भाईंदरची महानगरपालिका झाली. जुनी कौलारू घरे जाऊन तेथे इमारती येऊ लागल्या. घर पाडायचे ठरले की माणसे भांडीकुंडी, देवघर, गाद्या सगळे नेतात. मांजर मात्र पुष्कळदा मागे राहते. ते माणसाइतकेच जागेला धरून असते, आणि जागाच गेली की ढिगाऱ्याभोवती ओरडत फिरते. अशा मांजरांना रोज संध्याकाळी खाऊ घालणारी, पावसात खोक्याचा आडोसा करून देणारी, गटारातून पिल्ले काढणारी मंडळी आता गावोगाव आणि शहरोशहरी आहेत. त्यांत माळकऱ्यांच्या घरच्या लेकीसुनाही आहेत. त्या भागात कीर्तनाला गेलो असता त्यांनी आमच्यापुढे तीन प्रश्न ठेवले. त्यांचा विचार येथे करतो.

पहिला प्रश्न: "महाराज, गळ्यात तुळशीची माळ आहे. या हाताने मांजराला मासळी घालू का?"

पूर्वपक्ष असा, की माळकऱ्याने मासळीला शिवू नये. दूधभात घालावा, मांजर खाईल. दिसायला हे सोज्वळ आहे. पण अहो, माळ घेतली कोणी? ज्ञानेश्वरीवर ठेवलेली माळ आपण आपल्या इच्छेने गळ्यात घालून घेतली. तो नियम आपल्या जिभेला आहे. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, अशी म्हण आहे. त्याच्या गळ्यात माळ तर कोणीच घातलेली नाही! एकादशीला आपण उपवास करतो, म्हणून तान्ह्या लेकराचे दूध तोडतो काय?

मांजराचा देहच मांसाहारासाठी घडलेला आहे. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्याला पुरेसे स्वतः तयार करता येत नाही. ते मांस-मासळीतून मिळावे लागते. ते मिळाले नाही तर मांजराची दृष्टी जाते, हृदय दुबळे होते. शिवाय मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना गाईचे दूध पचत नाही, जुलाब होतात. म्हणजे पुण्य म्हणून ठेवलेली दुधाची वाटी त्याला रोग देते. आपल्या व्रताचा भार मुक्या जिवावर लादणे ही अहिंसा नव्हे.

याला आधार विचाराल तर महाभारतातील शिबिराजाची कथा आठवा. ससाण्याच्या भयाने कबूतर त्याच्या मांडीवर आले. राजाने त्याला अभय दिले. ससाणा म्हणाला, माझे अन्न तू हिरावलेस, आता मी काय खाऊ? तेव्हा राजाने त्याला गवत खायला सांगितले नाही. त्याने आपल्या अंगचे मांस कापून तराजूत घातले. शरणागताला राखले, पण ससाण्याची भूकही खरी मानली. त्याच वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध आहे. तो मांस विकी. पण स्वतः प्राणी मारीत नसे, मांस खात नसे, आणि ब्राह्मणाला धर्म त्यानेच शिकविला.

म्हणून आमचा निर्णय असा: मांजरासाठी मुद्दाम जीव मारू नये, मारवू नये. कोळिणीच्या पाटीत उरलेली, एरवी फेकली जाणारी डोकी उकडून, काटे काढून घालावीत; किंवा बाजारात मांजराचे तयार कोरडे खाद्य मिळते ते घालावे. त्यातही मांस-मासळी असतेच, हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. शेजारी वाटीभर स्वच्छ पाणी ठेवावे. मग हात धुवावेत आणि हरिपाठाला बसावे. माळ बाटत नाही. ज्यांना हे पटणार नाही असे वडीलधारे संप्रदायात आहेत, त्यांच्याविषयी आम्हांला आदरच आहे. त्यांनी मासळीला शिवू नये. पण शिवणाऱ्या मुलीला पापी म्हणू नये.

दुसरा प्रश्न: "मांजरांची नसबंदी करणे म्हणजे देवाने दिलेला वंश खुंटविणे नव्हे काय?"

प्रश्न मनापासूनचा आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. मांजरी सुमारे दोन महिन्यांत विते, एका वेळी तीन-चार किंवा अधिक पिल्ले देते, आणि पिल्लू पाच-सहा महिन्यांचे झाले की तेही गाभण राहू शकते. शहरात त्या पिल्लांचे काय होते ते आपण पाहतो: चाकाखाली, गटारात, कुत्र्याच्या तोंडी. जो रोज अन्न घालतो, तो त्या वाढीला कारण होतो; मग परिणामही त्यानेच उचलायला नको का? अन्नदान करून पाठ फिरविणे ही अर्धी दया. जाणत्या पशुवैद्याकडून गुंगी देऊन शस्त्रक्रिया करवावी, सांगितलेले दिवस मांजराला जपावे आणि त्याच्या जागी परत सोडावे. शस्त्रक्रिया झाल्याची खूण म्हणून कानाचे टोक थोडे कापलेले असते. इटली देशाने १९९१ साली कायदाच केला की मोकळ्या मांजरांना छळू नये, नसबंदी करून त्यांच्या ठिकाणी राहू द्यावे. मुंबईत तर प्राण्यांवरील क्रूरता थांबविण्यासाठी १८७४ सालीच संस्था निघाली, आणि परळचे बाई साकरबाई पेटिट प्राणी-रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून मुक्या जिवांची सेवा करीत आले आहे.

तिसरा प्रश्न: "शेजारी भांडतात. म्हणतात, घाण होते. पोत्यात घालून मिठागरावर सोडून येऊ. काय करावे?"

तसे सोडून येणे म्हणजे उपासमारीने मारणे होय. १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा त्याला अपराध म्हणतो. सर्व प्राणिमात्रांविषयी दया बाळगावी हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून १९७६ साली राज्यघटनेतही आले. पण कायद्याचे पुस्तक उघडण्याआधी आपले अंगण पाहावे. दिंडीत पंगत उठली की आपण जागा झाडतो ना? तेच येथे करावे. वेळ एक, जागा एक, दुसऱ्याच्या दारापासून दूर. खाऊन झाले की उष्टे उचलावे, फरशी धुवावी. शेजाऱ्याच्या जिन्यात दुर्गंधी ठेवून केलेली भूतदया ही शेजाऱ्यावर केलेली हिंसाच की! तोही भूतमात्रातच मोडतो.

आणखी चार व्यवहाराच्या गोष्टी. पिल्ले एकटी दिसली म्हणून लगेच उचलू नयेत. आई अन्नाला गेलेली असते, दुरून वाट पाहावी. माणसाची तापाची पॅरासिटामोलची गोळी मांजराला कधीही देऊ नये, ते त्याला विष आहे. चावले किंवा ओरखडले तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीचे विचारावे. पावसाळ्यात मोटार सुरू करण्यापूर्वी पुढच्या पत्र्यावर थाप मारावी. आत ऊब घेत पिल्लू बसलेले असते.

शास्त्रकारांनी शरणागतीला मार्जारकिशोरन्याय असे नाव दिले आहे. माकडाचे पोर आईला स्वतः घट्ट धरते. मांजराचे पिल्लू काहीच करीत नाही, आईच त्याला मानेला धरून नेते. भगवंताने आपल्याला असे धरावे, अशी प्रार्थना आपण रोज करतो. मग ज्या पिल्लाची आई चाकाखाली गेली त्याला कोणी धरायचे? नाल्यात उतरून त्याला वर काढणारा हात त्या घटकेला भगवंताचेच काम करीत असतो.

एक मुलगी म्हणाली, या कामापायी संध्याकाळचा हरिपाठ कधी कधी चुकतो. बाळे, नित्यनेम शक्यतो सोडू नये; पिल्लाला दूध पाजतानाही मुखाने नाम घेता येते. आणि उशीर झालाच तर भिऊ नकोस. पुंडलिक आईबापांच्या सेवेत गुंतला होता, तेव्हा देव रागावून परत गेला नाही. विटेवर उभा राहिला, आणि अजून उभाच आहे.

रामकृष्णहरि.