नसणे आणि न आढळणे

एखाद्या लेखात कोणता विषय आला आहे आणि कोणता राहून गेला आहे, हे ठरवण्याचे काम आता पुष्कळदा संगणकाकडे सोपवले जाते, आणि त्यामुळे भारतीय दर्शनांनी शतकानुशतके चर्चिलेला एक प्रश्न नव्या रूपात पुढे येतो: एखादी वस्तू आढळली नाही, एवढ्यावरून ती तेथे नाही असे म्हणण्याचा अधिकार केव्हा प्राप्त होतो? आपले संकेतस्थळ शोधयंत्रात वर यावे म्हणून झटणारे लोक ज्याला ‘एंटिटी रिपोर्ट’ म्हणतात, त्याची सारी भिस्त याच प्रश्नाच्या उत्तरावर आहे. एंटिटी म्हणजे नावाने वेगळी ओळखता येणारी कोणतीही वस्तू, मग ती व्यक्ती असो, गाव असो, ग्रंथ असो वा संकल्पना. हा अहवाल तयार करणारी प्रणाली मजकुरातील अशा नावांची यादी करते, प्रत्येक नाव एखाद्या नोंदसंग्रहातील नोंदीशी जोडते, मजकुरात त्या नावाला किती महत्त्व आहे याचा अंक बहुधा शून्य ते एक या मर्यादेत देते, आणि त्याच विषयावरील इतर पानांशी तुलना करून राहून गेलेल्या एंटिटी दाखवते. गुगलने २०१२ मध्ये नॉलेज ग्राफ सुरू केला तेव्हापासून शोधाचा रोख अक्षरांच्या जुळणीकडून वस्तूंच्या ओळखीकडे वळला, आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या विकिडेटाने प्रत्येक वस्तूच्या नोंदीला स्वतंत्र क्रमांक दिला.

नाव आणि वस्तू यांची गाठ किती सैल असते, हे वाशिम जिल्ह्यात सहज दिसते. जिल्ह्यातील मालेगाव हे तालुक्याचे ठिकाण नाशिक जिल्ह्यातील मोठ्या मालेगावाच्या सावलीत हरवते. कारंजा वाशिममध्येही आहे, वर्ध्यातही आहे आणि उरणजवळही आहे. खुद्द वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले प्राचीन वत्सगुल्म, आणि इंग्रजी अमदानीतील कागदपत्रांतले बासिम. बासिम जिल्हा १९०५ मध्ये मोडला आणि वाशिम जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झाला. हे दोन जिल्हे एकच वस्तू मानायचे की दोन, याचे उत्तर कोणत्याही नोंदक्रमांकातून मिळत नाही, कारण क्रमांक देण्यापूर्वीच कोणीतरी तो निर्णय घेतलेला असतो.

या गुंत्यासाठी जैन दर्शनाने निक्षेप नावाची एक विचारपद्धती घडवली. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्याच अध्यायात ती येते आणि पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धी या टीकेत तिचा विस्तार आहे. एखादा शब्द उच्चारला असता त्यातून नेमके काय अभिप्रेत आहे, हे ती चार प्रकारांनी ठरवते. गुणांचा विचार न करता केवळ संबोधनासाठी दिलेले नाव हा नामनिक्षेप होय, जसे मुलाचे नाव इंद्र ठेवावे. मूर्तीत वा चिन्हात ‘हा तोच’ अशी प्रतिष्ठा करणे हा स्थापनानिक्षेप. जी अवस्था पूर्वी होती किंवा पुढे येणार आहे तिच्यावरून वस्तूला ओळखणे हा द्रव्यनिक्षेप. आणि ती अवस्था प्रत्यक्ष वर्तमान असणे हा भावनिक्षेप. या कसोटीवर पाहिले तर एंटिटी अहवाल नाम मोजतो आणि, नोंदक्रमांकाला वस्तूचे चिन्ह मानले तर, काही अंशी स्थापनाही तपासतो; त्यापुढे त्याची गती नाही. पूज्यपाद द्रव्यनिक्षेपात आणखी एक सूक्ष्म भेद करतात: एखाद्या विषयाचे शास्त्र जाणणारा, परंतु त्या क्षणी त्याकडे उपयोग, म्हणजे जाणिवेचे अवधान, नसलेला आत्मा हा आगमद्रव्य होय. ही संज्ञा आत्म्यालाच लागू असल्याने ती यंत्राला चिकटवणे शास्त्राला धरून होणार नाही, पण जे लेखन सर्व अपेक्षित नावे पेरून मोकळे होते आणि त्यांतील एकाचाही विचार करत नाही, त्याचे याहून नेमके वर्णन क्वचितच सापडेल.

वाशिम जिल्ह्यातीलच कारंजा येथे नुसते नाव असणे आणि आशय उमगणे यांतील भेदाचे ऐतिहासिक उदाहरण उपलब्ध आहे. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही दिगंबर परंपरांची येथे पीठे होती, आणि त्यांच्या आश्रयाने हस्तलिखितांचे भांडार जमले. रायबहादूर हीरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ मध्ये प्रसिद्ध केली, तीत कारंज्याच्या ग्रंथांची नावे आली. ती सूची मोलाची होती यात शंका नाही, परंतु दहाव्या शतकातील पुष्पदंताचे अपभ्रंश काव्य त्या नावांतून कोणाला वाचता येणे शक्य नव्हते, त्यासाठी प. ल. वैद्य यांना ‘जसहरचरिउ’ १९३१ मध्ये आणि हीरालाल जैन यांना ‘णायकुमारचरिउ’ १९३३ मध्ये संपादून छापावे लागले. सूचीने ग्रंथ आहेत हे सांगितले, ग्रंथांत काय आहे हे संपादकांनी सांगितले. येथे दोन हीरालाल आहेत, एक कटनीचे प्रशासक-संशोधक आणि दुसरे अमरावतीच्या महाविद्यालयातील प्राध्यापक, ही गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण नावावरून चालणाऱ्या कोणत्याही गणनेत हे दोघे एक होण्याचा धोका असतो.

अहवालाचा दुसरा दावा, म्हणजे अमुक विषय राहून गेला हा दावा, अधिक तपासून घ्यावा लागतो. अभावाचे ज्ञान कसे होते, यावर मीमांसक कुमारिल भट्टांचे अनुयायी आणि न्यायदर्शनाचे नैयायिक यांचा मोठा वाद आहे. पहिले अनुपलब्धीला, म्हणजे न आढळण्याला, स्वतंत्र प्रमाण मानतात, तर दुसरे अभावाचे ज्ञान प्रत्यक्षातच समाविष्ट करतात. मात्र एका अटीवर दोघांचेही एकमत आहे. जमिनीवर घट नाही असे म्हणायचे तर घट असता तर दिसलाच असता, एवढा प्रकाश आणि एवढी दृष्टी हवी; अंधारात न दिसलेल्या घटावरून काहीच सिद्ध होत नाही. या अटीला योग्यता म्हणतात. एंटिटी अहवालातील प्रत्येक रिकामी जागा ही अनुपलब्धी आहे, आणि तिला पुरावा म्हणून स्वीकारण्यापूर्वी ती योग्य आहे का, म्हणजे तो विषय मजकुरात असता तर या प्रणालीला तो ओळखता आला असता का, हे विचारणे भाग आहे. बहुतेक वापरकर्ते हे विचारत नाहीत, आणि या साधनाचा सर्वांत गंभीर गैरवापर येथेच होतो.

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे या अटीचे कठोर परीक्षास्थळ ठरावे. संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे बंजारा समाज या गावाला आपली काशी मानतो. हा समाज प्रांतोप्रांती बंजारा, लमाण, लंबाडी, सुगाळी अशा नावांनी ओळखला जातो, स्वतःला गोर म्हणवतो, आणि त्याची बोली महाराष्ट्रात देवनागरीत, कर्नाटकात कन्नड लिपीत, तर तेलंगणात तेलुगू लिपीत लिहिली जाते. पोहरादेवीवर गोरबोलीत लिहिलेल्या पानात सेवाभाया असा सेवालाल महाराजांचा उल्लेख वारंवार येईल, अरदास ही प्रार्थना येईल, होळीची लेंगी गीते येतील. पण ज्या नोंदसंग्रहावर अहवाल उभा आहे त्यात ही नावे त्या त्या वस्तूंशी जोडलेली नसतील, तर समाजाच्या भक्तीचा गाभा असलेले ते पान विषयाच्या दृष्टीने उणे ठरेल. उलट दुसऱ्याच पानांवरून उचललेली दहा प्रचलित नावे ओळीने मांडणारा मजकूर पूर्ण ठरेल. पहिल्या बाबतीत उणीव पानात नसून पाहणाऱ्यात आहे, आणि हा भेद न करता लेखकाने अहवालाबरहुकूम पान सुधारले, तर सेवाभायाच्या जागी बाहेरच्यांना परिचित असलेले नाव येईल आणि समाजाच्या स्वतःच्या शब्दांचा लिखित ठेवा आणखी रोडावेल. अशी हानी कोणत्याही अंकात दिसत नाही, म्हणून तिची दखल घेणे हे नैतिक कर्तव्य ठरते.

म्हणून हा अहवाल टाकून द्यावा असे नाही. मालेगावावरील पानात तालुक्याचा वा जिल्ह्याचा उल्लेखच नसेल, तर प्रणालीचे मौन खरे असते, कारण ती नावे तिला ठाऊक आहेत आणि असती तर आढळली असती. अशी उणीव लेखकाने निमूटपणे भरून काढावी. पोहरादेवीच्या बाबतीत मात्र कामाचा क्रम उलटा आहे: आधी सेवाभाया आणि संत सेवालाल महाराज, गोर आणि लंबाडी, ही नावे जाणत्या गोर अभ्यासकांनी आपल्या बोलीतील रूपांसह खुल्या नोंदसंग्रहांत जोडीजोडीने एकेका वस्तूशी जोडावीत, तिन्ही लिप्यांतील लेखन तेथे नोंदवावे, आणि मगच त्या पानांचा अहवाल काढावा.