नव्वद मतांचं देणं

११ मार्च २०१७ रोजी मणिपूर विधानसभेचा निकाल लागला. थौबाल मतदारसंघात मुख्यमंत्री ओक्राम इबोबी सिंह यांना १८,६४९ मतं पडली, भाजपच्या बसंता सिंह यांना ८,१७९, ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या बटणाला १४३ आणि इरोम शर्मिला यांना ९०. सोळा वर्षं अन्नपाण्यावाचून राहून सशस्त्र दल विशेषाधिकार कायद्याशी झुंजलेली बाई आयुष्यातल्या पहिल्याच निवडणुकीत नोटाच्याही खाली गेली. तेव्हा देशभर हळहळ झाली आणि मणिपूरच्या लोकांना कृतघ्न म्हणून सगळे मोकळे झाले. मला तो निवाडा तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही. का पटत नाही, ते दोन माणसांच्या तोंडून सांगतो. ही दोघं माझ्या कल्पनेतली आहेत. एक भाची, दुष्काळी तालुक्यात काम करणारी, विधानसभेला अपक्ष उभी राहून दोनदा पडलेली. दुसरे तिचे मामा, निवृत्त शिक्षक, केंद्राध्यक्ष म्हणून आणि मतमोजणीच्या टेबलावर बसून पुष्कळ निवडणुका पाहिलेले. माणसं आणि त्यांचा तालुका कल्पित. थौबाल आणि बाकीचा इतिहास खरा.

भाची : मामा, अर्ज भरायचे दिवस आले. घरात सगळे म्हणतात, दोनदा डिपॉझिट गेलं, आता पुरे कर. तुम्ही एकटेच काही बोलत नाही.

मामा : पैशाचं मी बोलणार नाही. दहा-दहा हजार गेले ते गेले. मला एवढंच सांग, तुला राग कुणाचा येतो?

भाची : खरं सांगू? लोकांचा येतो. अडलेल्या बाळंतिणीला रात्री जीपमध्ये घालून कुणी नेलं? पाणी योजनेच्या फाइलीमागे तालुक्याला खेटे कुणी घातले? आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी तीच माणसं दाखल्यासाठी माझ्याच दारात.

मामा : मग परत पाठवलंस?

भाची : परत कशी पाठवू? काढून दिला दाखला.

मामा : म्हणजे तुझं काम मतासाठी नव्हतं. मग मत हे त्या कामाचं मोल कसं होईल? जीपमध्ये घालून नेलं त्याचं मोल मतात मागितलंस, तर पाकीट वाटणाऱ्यात आणि तुझ्यात फरक राहतो तो रकमेचा.

भाची : हे लागलं मला, मामा. पण मोल नको, विश्वास तरी? शर्मिलाला नव्वद मतं पडली तेव्हा मी कॉलेजात होते. त्या दिवशी मला वाटलं होतं, माणसं इतकी कशी विसरतात?

मामा : विसरले नव्हते ते. थौबालच्या माणसाच्या जागी बसून बघ. नोव्हेंबर २०००मध्ये मालोमच्या बसथांब्यावर दहा माणसं गोळ्या घालून मारली, तेव्हा ही पोरगी अठ्ठावीस वर्षांची. उपोषणाला बसली. आत्महत्येच्या प्रयत्नाचं कलम लावून सरकारने तिला इस्पितळात कोंडलं. त्या कलमाखाली शिक्षा फार तर एक वर्षाची. म्हणून दर वर्षी सोडायचं आणि पुन्हा पकडायचं. नाकातून नळी. लोकांनी तिला देव्हाऱ्यात बसवलं. मग ९ ऑगस्ट २०१६ला तिने मध चाटून उपोषण सोडलं, निवडणूक लढवीन म्हणाली, लग्न करीन म्हणाली, आणि तिथेच लोक बिथरले. उपोषण सोडल्यावर राहायला जागा मिळेना, पुन्हा त्याच इस्पितळात जावं लागलं तिला.

भाची : म्हणजे ती मरेपर्यंत उपाशी राहिली असती तर चाललं असतं त्यांना. जगायचं म्हणाली हा तिचा गुन्हा.

मामा : यात लोकांची चूक आहे, मी झाकत नाही. जिवंत माणसाकडून हुतात्मा होण्याची अपेक्षा धरणं क्रूर आहे. पण मतपेटीपाशी आणखी एक हिशेब असतो. इबोबी २००२पासून मुख्यमंत्री. मुख्यमंत्र्याचाच मतदारसंघ. रस्ता, नोकरी, बदली, दवाखान्यातली खाट, सगळ्याची दोरी त्या घरात. त्याला पाडायचं म्हणजे आपल्याच गावाची वट घालवायची. संसारी माणूस हे सहजी करत नाही. तिने सोपा मतदारसंघ निवडला असता तर कदाचित...

भाची : नाही मामा, तिथे ती बरोबर होती. कायदा १९५८चा, संसदेचा. पण एखादा प्रदेश ‘अशांत’ म्हणून जाहीर करायचा अधिकार राज्यालाही आहे. २००४मध्ये मनोरमा या मणिपुरी तरुणीच्या हत्येनंतर बायकांनी कांगला किल्ल्यापुढे विवस्त्र होऊन मोर्चा काढला, आणि त्याच इबोबींच्या सरकारने इंफाळ शहराच्या हद्दीतून तो कायदा उठवला. जो माणूस एका शहरापुरतं करू शकला, त्याला बाकीच्या राज्याबद्दल त्याच्याच दारात जाऊन विचारणं हाच तिचा प्रश्न होता. जिंकायला सोपी जागा शोधली असती तर तो प्रश्न उरलाच नसता.

मामा : मानलं. आता मला सांग, निकालानंतर ती म्हणाली की पुन्हा राजकारणात येणार नाही, आणि मणिपूर सोडून दक्षिणेत निघून गेली. तेही बरोबर?

भाची : सोळा वर्षं दिलेल्या माणसाकडे आणखी एक दिवस मागायचा अधिकार कुणालाही नाही.

मामा : माझंही तेच मत. पण तू सोळा वर्षं दिलेली नाहीस, त्यामुळे तिचं उत्तर तुला उसनं घेता येणार नाही. तुला तुझं शोधावं लागेल.

भाची : मग बाबासाहेबांचं उदाहरण द्या. तेही १९५२ला मुंबईत पडले, १९५४ला भंडाऱ्यात पडले.

मामा : पडलेला प्रत्येक उमेदवार ते नाव घेतो. आपण नको घेऊ या. त्यांच्यामागे संविधान होतं. तुला जवळचं उदाहरण हवं असेल तर लिंकन घे. १८३२, इलिनॉय राज्याची विधानसभा. वय तेवीस, न्यू सेलम नावाच्या खेड्यातल्या दुकानात काम केलेलं, शिक्षण जेमतेम. उमेदवारी जाहीर केली आणि लगेच ब्लॅक हॉकच्या लढाईवर गेला. परत आला तेव्हा मतदान तोंडावर. तेरा उमेदवारांत आठवा आला, पडला. पण त्याच्या स्वतःच्या गावच्या केंद्रावर तीनशेपैकी दोनशे सत्त्याहत्तर मतं त्याला. दोन वर्षांनी पुन्हा उभा राहिला आणि निवडून आला.

भाची : म्हणजे पुन्हा उभी राहा म्हणताय.

मामा : पराभव काय सांगतो ते आधी वाच, असं म्हणतोय. लिंकनचा पराभव सांगत होता की ओळखणाऱ्यांनी मत दिलं, उरलेल्यांना तो ठाऊकच नव्हता. त्यावर उपाय आहे. माणसांपर्यंत जाता येतं. शर्मिलाचा पराभव सांगत होता की सगळे ओळखतात आणि तरीही देत नाहीत. त्यावर दुसऱ्या सभेचा उपयोग नसतो. तुझा कुठला? बूथवार मतांचा तो तक्ता, फॉर्म २०, काढलास का?

भाची : दोन्ही वेळचा काढलाय. बूथवार सगळं पाठ आहे मला. तालुक्याच्या गावात शे-दीडशेच्या पुढे कुठे नाही. आणि आपल्या डोंगरावरच्या वाडीत, जिथे टाकी झाली, तिथे पहिल्या वेळी निम्म्याहून जास्त मतं मला. दुसऱ्या वेळी तिथेच घसरली.

मामा : का घसरली?

भाची : हेच तुम्हाला सांगायचं होतं. पहिल्या निकालानंतर त्या वाडीचा मंजूर रस्ता मागे पडला. कुणी उघड बोललं नाही. पण कोणत्या बूथवर कुणाला किती, हे फॉर्म २० जसं मला सांगतो तसं निवडून आलेल्यालाही सांगतो. वाडी एक, बूथ एक. कुणी बटण दाबलं ते कळत नाही, पण वाडीने काय केलं ते कळतं.

मामा : कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा आम्ही मोजायच्या आधी वेगवेगळ्या केंद्रांच्या पेट्यांतली मतं एकत्र कालवायचो. गठ्ठे नंतर बांधायचे. कुठल्या गावचं मत कुठलं, देवालाही कळू नये यासाठी होतं ते. यंत्र आलं आणि मोजणी बूथनिहाय झाली. आणि लिंकनच्या काळी तर इलिनॉयमध्ये लोक लेखनिकासमोर उभं राहून मोठ्याने नाव सांगत. न्यू सेलममधल्या त्या दोनशे सत्त्याहत्तर जणांनी ते गावासमोर सांगितलं होतं.

भाची : ते सांगू शकले कारण त्या लहान गावात तोच त्यांचा होता. आमच्या वाडीचं तसं नाही. आता बघा मामा, मी कुठे अडकलेय. उभी राहिले तर हरणार, हे मलाही कळतं. हरले की मी घरी येईन, पुन्हा कामाला लागेन. ज्यांनी मला मत दिलं ती वाडी पुढची पाच वर्षं भोगणार. आणि उभी राहिले नाही, तर त्या माणसांना बटण दाबायला कुणी नाही. अपक्षाच्या अर्जाला दहा सूचक लागतात, दहा सह्या, नावं उघड. मागच्या वेळच्या दहांतल्या दोघांनी या वेळी नको म्हणून निरोप पाठवलाय. माझ्या मानापमानाचं मला काही वाटेनासं झालंय. त्या दोघांचं वाटतं.

इथे मामा बराच वेळ बोलले नाहीत. मला वाटतं, उमेदवाराच्या पराभवाबद्दल आपण जे लिहितो-बोलतो ते सगळं या ठिकाणापर्यंत येतच नाही. जिद्द, धाडस, पुन्हा उभं राहणं, हे सगळं उमेदवाराभोवती फिरतं. थौबालमधली ती नव्वद माणसं कोण होती, मुख्यमंत्र्याच्या मतदारसंघात त्यांनी ते बटण दाबलं तेव्हा त्यांच्या मनात काय होतं, हे कुणी विचारलं नाही. शर्मिलाचं अपयश मोजायला तो आकडा सगळ्यांनी वापरला. मला तो नव्वद माणसांच्या धैर्याचा आकडा वाटतो.

मामा : मग नको उभी राहूस. वाडीवर संकट आणून कसली लोकशाही? जिल्हा परिषदेला उभी राहा. गट लहान असतो, माणसं ओळखीची, जिंकशीलही.

भाची : पाण्याचं वाटप जिल्हा परिषदेत ठरत नाही, मामा. आणि दुसरं असं की, तुम्ही त्यांच्यासाठी ठरवताय. त्या वाडीतली बाई दुसऱ्या वेळी मला मत देऊन आली तेव्हा रस्ता रखडलाय हे तिला माहीत होतं. माहीत असून दिलं. आता मी म्हणायचं, बाई, तुझ्या भल्यासाठी मी माघार घेते? तिला काय झेपतं हे मी कोण ठरवणार? तिला लहान मूल समजण्यासारखं आहे ते.

मामा : आणि ज्यांनी दिलं नाही ते? त्यांच्याही रस्त्याचं तेच होतं. एकाच बूथमध्ये आहेत ते.

भाची : याचं उत्तर माझ्याकडे नाही.

मामा : माझ्याकडेही पुरं नाही. पण एक धागा दिसतो. तू सह्या मागायला जाशील तेव्हा आधी निकालानंतरचं बोल. मी पडणार आहे, पडल्यावर रस्ता अडला तर मी काय करणार आहे, कुठे अर्ज देणार, कोणत्या कोर्टात जाणार, किती दिवस वाडीत मुक्काम करणार, हे सांग. ते ऐकून दहा जण सह्या देत असतील तर तो त्यांचा निर्णय, आणि मला त्यात बोलायचा हक्क नाही. दहा मिळाले नाहीत तर ते ऐक. भीती वाटणाऱ्याला भित्रा म्हणू नकोस.

भाची : आणि मतं खाल्ली म्हणून जे बोलतील?

मामा : मतं कुणाच्या बापाची नसतात. ते बोलू देत.

भाची : मागच्या निकालानंतर मी महिनाभर वाडीत गेलेच नव्हते. तोंड दाखवायची लाज वाटत होती.

मामा : तेव्हाच वाडीतले लोक उघड्यावर पडले. पुन्हा उभं राहायचं असेल तर निकालाच्या संध्याकाळी तिथे जायचं. तेवढं जमणार नसेल तर अर्ज भरू नकोस.

संवाद मी इथेच थांबवतो. तिला दहा सह्या मिळाल्या की नाही, हे मी ठरवून टाकलं तर प्रश्न उगाच मिटवल्यासारखं होईल. निवाडा मात्र द्यायला हवा. मत द्यायचं की नाही हे मतदाराने ठरवावं. त्याच्या काळजीपोटी उमेदवाराने माघार घेऊ नये, हे भाचीचं म्हणणं मला मान्य आहे. आणि पडल्यानंतरची पाच वर्षं मत देणाऱ्यांसोबत राहायची तयारी नसेल त्याने उभं राहू नये, हे मामांचंही तितकंच मान्य आहे. शर्मिलाने ती किंमत आधीच, सोळा वर्षं आगाऊ, भरली होती. एप्रिल २०२२मध्ये मणिपूरच्या सहा जिल्ह्यांतल्या पंधरा पोलीस ठाण्यांच्या हद्दीतून तो कायदा उठला. नोव्हेंबर २०२४मध्ये हिंसाचारानंतर काही ठाण्यांच्या हद्दीत पुन्हा लागू झाला. तिचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

पण वाडीचा बोजा एकट्या उमेदवाराने का उचलायचा? अनेक यंत्रांतली मतं एकत्र मोजून केंद्राचा वेगळा आकडा झाकणारं टोटलायझर नावाचं साधन आहे. निवडणूक आयोगाने ते २००८मध्ये सरकारपुढे मांडलं. विधी आयोगाने २०१५मधल्या २५५व्या अहवालात त्याची शिफारस केली. केंद्र सरकारने ते स्वीकारलं नाही. येत्या निवडणुकीत मत मागायला दारात येईल त्या प्रत्येक उमेदवाराला, पक्ष कुठलाही असो, वाचकांनी विचारावं : आमच्या वाडीचा आकडा झाकायला तुम्ही तयार आहात का?